गॅस गोठत नाही, पाणी गोठतं

"वहिनी, पाइपातला गॅस गोठला म्हणून वीज गेली, असं इथे सगळे म्हणतायत. गॅस गोठतो काय?"

२०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली होती. तिथून धाकट्या दिराचा फोन आला, तेव्हा खुशाली सांगून झाल्यावर त्याने विचारलं ते हे. घरात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं, मुलांना मधे घेऊन सगळे एका खोलीत झोपत होते. त्यांचं घर गरम होतं गॅसच्या भट्टीवर. गॅस येत होता, पण भट्टीची गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर चालतो. वीज नाही म्हणजे गॅस असून नसल्यासारखा.

मी गोव्यात पाइप गॅसच्या देखभालीचं काम करते. रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, मीटर, गेज, सगळं माझ्याकडे. फोनवर त्याला तुटक उत्तर दिलं होतं. त्यानंतर त्या थंडीवरचे अहवाल वाचत गेले आणि वाचता वाचता आमच्या इथली कामं वेगळ्या नजरेने बघायला लागले. आता आपल्याकडे घरोघरी पिवळे पाइप चढतायत, म्हणून ते सगळं नीट लिहून काढते.

त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर 'नाही' असं आहे. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याचा द्रव व्हायला उणे १६२ अंश सेल्सियस लागतात. १६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलसमध्ये पारा उणे १९ पर्यंत उतरला होता. मिथेनला त्याचं काहीच नाही. सैबेरियात उणे पन्नासमध्येही गॅस पाइपातून वाहतोच. आणि उणे १६२ बघायला अमेरिकेत जायला नको. आपल्याकडे येणारी पाइपलाइन जिथून निघते त्या दाभोळला, गुहागर तालुक्यात, द्रवरूप गॅसची जहाजं लागतात ती याच तापमानाची. तिथे त्याला ऊब देऊन परत वायू करतात आणि पाइपात सोडतात.

मग टेक्सासमध्ये गोठलं काय? पाणी.

विहिरीतून गॅस एकटा येत नाही. त्याच्याबरोबर खारं पाणी येतं, वाफ येते, थोडे जड हायड्रोकार्बन येतात. विहिरीच्या तोंडाशी, गॅसमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये, पाणी साठवायच्या टाक्यांत आणि त्यांना जोडणाऱ्या आखूड पाइपांत हे पाणी असतं. हिवाळा सौम्य असेल तर ही सगळी मांडणी उघड्यावर ठेवली तरी चालून जाते, आणि टेक्सासमध्ये ती तशीच ठेवलेली होती. थंडी आल्यावर हे कोपरे आधी धरले. रस्त्यांवर बर्फ असल्यामुळे टाक्यांतलं पाणी उपसून नेणारे ट्रकही पोचेनात. टाकी भरली की विहीर बंद करावी लागते, मग विहिरीला दुसरं काही झालेलं नसलं तरी.

पाणी नुसतं बर्फ होतं असंही नाही. दाबाखाली मिथेन आणि पाणी एकत्र आले की त्यांचा हायड्रेट नावाचा पदार्थ तयार होतो. दिसायला बर्फासारखा, पण त्याच्या जाळीत गॅसचे रेणू अडकलेले असतात, आणि तो शून्याच्या वरही टिकतो. ४० बार दाबाला (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) ४ अंशांच्या आसपासच तो धरायला लागतो, दाब वाढला तर त्याहून उबेतही. पूर्वी पाइपलाइन तुंबली की लोक समजत, आत बर्फ झाला. १९३४ मध्ये हॅमरश्मिट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं की गोठणबिंदूच्या वर असतानाही पाइप तुंबतात ते या हायड्रेटमुळे. तेव्हापासून या धंद्याला कळलंय की गॅस कोरडा ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. ग्लायकॉल या पाणी शोषून घेणाऱ्या द्रवातून गॅस नेऊन त्याचं पाणी काढतात. अमेरिकेत मोठ्या पाइपलाइनीत गॅस घालायचा तर दहा लाख घनफुटांत ७ पौंडांपेक्षा जास्त पाणी चालत नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. जिथे कोरडा करायची सोय नाही, तिथे लहानशा पंपाने थेंबथेंब मिथेनॉल, म्हणजे गोठणं रोखणारं रसायन, सोडत राहतात.

हायड्रेटचा बोळा बसला तर तो काढायची रीत प्रत्येक फिटरला ठाऊक असायला हवी. पाइपाची एकच बाजू मोकळी करून दाब उतरवायचा नाही, कधीच नाही. एका बाजूला दाब आणि दुसरीकडे पोकळी झाली की बोळा सुटतो तो गोळीसारखा, आणि वळणावरचा पाइप फोडून बाहेर येतो. अशाने माणसं गेलेली आहेत. दोन्ही बाजूंनी, सावकाश, धीर धरून उतरवायचा.

आता रेग्युलेटरकडे वळते, कारण माझा जीव त्याच्यातच गुंतलाय.

मोठ्या दाबाचा गॅस लहान दाबावर आणणारं हे यंत्र. आतमध्ये एक सीट, म्हणजे गॅस जायच्या भोकाची कड, सीटवर बसणारा प्लग, प्लगला हलवणारा रबराचा पडदा, म्हणजे डायफ्राम, आणि त्याच्या मागे स्प्रिंग. मोठ्या रेग्युलेटरवर आणखी एक छोटा रेग्युलेटर बसवलेला असतो. त्याला आम्ही पायलट म्हणतो. पुढचा दाब किती आहे हे पायलटला एका बारीक नळीतून कळतं, आणि ती नळी जेमतेम करंगळीएवढी. सहा-आठ इंची पाइपातून धो धो गॅस चाललेला असतो, पण त्याचा लगाम असतो या नळीच्या हातात. त्या नळीत पाण्याचा एक थेंब गोठला की पायलटला पुढचं काही कळत नाही. मग तो कधी उघडाच राहतो, कधी बंदच बसतो, कधी डुलत राहतो. डुलण्याला आम्ही हंटिंग म्हणतो. गेजचा काटा स्थिर राहायचं सोडून मागेपुढे हलायला लागतो आणि रेग्युलेटरचा आवाज बदलतो. तो आवाज एकदा कानात बसला की माणूस झोपेतसुद्धा ओळखतो.

थंडीत रबरही ताठरतं. डायफ्रामला हवा तितका मऊपणा राहत नाही, ओ-रिंगा आखडतात आणि जोडातून गॅस झिरपायला लागतो. दूरच्या विहिरींवर व्हॉल्व्ह उघडझाप करायला तिथलाच गॅस वापरतात, वेगळी कोरडी हवा नसते. गॅस ओला असेल तर त्यातलं पाणी अर्ध्या वाटेत गोठतं आणि व्हॉल्व्ह आहे त्या जागी अडकतो. टेक्सासमध्ये वीजनिर्मिती केंद्रांचंही असंच झालं. दाब आणि पातळी मोजणाऱ्या बारीक नळ्या गोठल्या, यंत्रांना चुकीचे आकडे मिळाले आणि ती आपसूक बंद पडली. बॉयलर फुटला किंवा टर्बाइन मोडलं असं बहुतेक ठिकाणी घडलेलंच नव्हतं.

गोव्यात हे कुठे होणार, असं वाचणाऱ्याला वाटेल. होतं. मी बघितलंय, आणि तेही मे महिन्यात.

फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यापर्यंत तेव्हा पाइप पोचला नव्हता. गॅस यायचा ट्रकवरच्या सिलिंडरांच्या जुडग्यातून. त्याला कॅस्केड म्हणतात. भरलेल्या कॅस्केडमध्ये २०० बारच्या पुढे दाब असतो आणि कारखान्याला हवा असतो मोजका दोन-चार बारचा. दाब एकदम उतरला की नैसर्गिक वायू आपोआप थंड होतो, ढोबळमानाने एका बारला अर्धा अंश. २०० बारवरून खाली यायचं म्हटलं तर बाहेर पस्तीस अंश असले तरी आतला गॅस शून्याच्या कितीतरी खाली जातो. म्हणून रेग्युलेटरच्या आधी हीटर बसवतात. गॅस आधी तापवायचा, मग दाब उतरवायचा.

त्या दिवशी दुपारी फोन आला की आउटलेटचा दाब चढतोय. पोचले तेव्हा अंगाला घामाच्या धारा, आणि समोर दुसऱ्या टप्प्याच्या रेग्युलेटरवर पांढरंशुभ्र हिंव. बोट लावलं की चिकटत होतं. त्याच्यापुढचा पाइप हातभर लांबीपर्यंत पांढरा, पुढे नुसता ओला, आणि खाली सिमेंटवर पाण्याचं डबकं. सकाळी विजेने दोन-तीनदा डोळे मिचकावले होते, त्यात हीटरचा ब्रेकर पडला. गॅस मात्र चालूच राहिला. खरं तर गॅस थंड झाला की आपोआप पुरवठा बंद करणारी एक ट्रिप तिथे असते. ती कुणीतरी वायर जोडून बायपास करून ठेवलेली, कारण ती वरचेवर पडायची आणि उत्पादन थांबायचं. ज्यांच्याकडे त्या सगळ्या मांडणीचं रोजचं काम होतं त्यांना हे माहीत होतं. मला अतोनात राग आला, तो आजही आहे. ट्रिप वरचेवर पडते म्हणजे ती काहीतरी सांगते आहे. तिचं तोंड बांधून ठेवणं म्हणजे तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळणं.

आम्ही पोचेपर्यंत स्लॅम-शट व्हॉल्व्ह पडला होता आणि त्याने कारखान्याची लाइन वाचवली. दाब हाताबाहेर गेला की हा व्हॉल्व्ह फटकन बंद होतो. गॅस अडवला, दाब उतरवला. आमच्या फिटरने फडकी गरम पाण्यात बुडवून रेग्युलेटरच्या अंगाला गुंडाळली. ज्योत, ब्लोअर असलं काही जवळ आणायचं नाही. सुटल्यावर उघडला. सीटच्या कडेला बर्फाचं कडं होतं, पाव इंचही रुंद नसेल, जाडी तर दोन मिलिमीटरसुद्धा नाही. तेवढ्यामुळे प्लग पूर्ण बसत नव्हता आणि पुढचा दाब चढत होता. मी ते बोटावर घेतलं, बघता बघता त्याचं पाणी झालं.

लग्नाच्या मांडवामागे हेच सगळ्यांनी पाहिलंय, फक्त तिथला गॅस वेगळा. एलपीजी सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि त्याचा वायू व्हायला ऊब लागते. ती तो सिलिंडरच्या पत्र्यातून ओढतो. मोठ्या शेगडीला एकच सिलिंडर लावला आणि आचाऱ्याने आच पूर्ण सोडली की ऊब पुरत नाही. सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागाला दहिवर धरतं, कधी हिंव, आणि आच मंदावते. एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेन उणे ४२ लाही उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जवळ आला की बसून राहतो. म्हणून थंड मुलखात सिलिंडरमध्ये गॅस असतो पण चूल पेटत नाही. आपल्याकडचे आचारी सिलिंडर पाण्याने भरलेल्या घमेल्यात उभा करतात. त्या पाण्याची ऊब सिलिंडरला मिळते, त्यामागचं कारण बरोबर आहे. पण काही जण तो आडवा करतात. कृपा करून करू नका. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि शेगडीवर भडका उडतो. आच पुरत नसेल तर एकाऐवजी दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून घ्या, म्हणजे प्रत्येकावरचा भार कमी होतो.

घराबाहेरच्या रेग्युलेटरला एक बारीक भोक असतं, तोंड खाली करून ठेवलेलं. ते व्हेंट. डायफ्रामच्या मागच्या हवेला येण्याजाण्याची ती वाट. थंड देशांत पागोळ्यांचं पाणी त्याच्यावर टपकून गोठतं, व्हेंट बुजतो आणि रेग्युलेटर दाब सांभाळायचं सोडतो. छपरावरून बर्फाचा थर घसरून मीटरच मोडल्याच्याही घटना आहेत, आणि अमेरिकेतलं पाइपलाइन सुरक्षेचं खातं याबद्दल पुन्हा पुन्हा इशारे काढत आलंय. इथे बर्फ नाही, पण कुंभारीण माशी आहे. ती चिखलाचं घर नेमकं त्याच भोकात बांधते. म्हणून घरी मीटर बघायला येणाऱ्या आमच्या माणसाने व्हेंटकडे बोट दाखवलं, तर त्याला तेवढा वेळ द्या.

गॅस जाणं आणि वीज जाणं यांत एक मोठा फरक आहे, आणि तो लोकांना फारसा माहीत नसतो. वीज आली की बटण दाबून सगळा गाव उजळतो. गॅसचं तसं नाही. लाइनीतला दाब गेला की एकेका घरी जाऊन मीटरचा कॉक बंद करायचा, मग लाइन भरायची, तीत शिरलेली हवा काढायची, आणि परत एकेका घरी जाऊन उपकरणं तपासून पेटवून द्यायची. मधे एकही घर सुटलं तर बंद खोलीत गॅस भरू शकतो. २१ जानेवारी २०१९ ला अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या अॅक्विडनेक बेटावर हेच झालं. कडाक्याची थंडी, सगळी घरं एकदम गॅस ओढणारी, त्यात प्रॉव्हिडन्सचं एलएनजी, म्हणजे द्रवरूप गॅसचं, केंद्र बंद पडलं आणि वरच्या पाइपलाइनीत एक व्हॉल्व्ह बिघडला. सात हजारांवर ग्राहकांचा गॅस गेला आणि तो पूर्ववत व्हायला जवळपास आठवडा लागला. कारण प्रत्येक दार ठोठवावं लागलं. ऐन थंडीत असं दारोदार फिरणाऱ्या त्या फिटरांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता परत टेक्सास, कारण तिथे जे झालं त्यात निसर्गाचा वाटा फार थोडा होता असं माझं ठाम मत आहे.

गॅसच्या विहिरी गोठायला लागल्या तशी वीज केंद्रांना गॅस कमी पडला, काही केंद्रं स्वतःच गोठली. मागणीला वीज पुरेना झाली की ग्रिडची वारंवारता घसरते. १५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास तिथल्या ग्रिडची वारंवारता ६० हर्ट्झवरून ५९.४ च्या खाली गेली आणि ४ मिनिटं २३ सेकंद तिथेच राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेली केंद्रं स्वतःला वाचवायला आपोआप बंद झाली असती आणि अख्खं राज्य काळोखात गेलं असतं. ते टाळायला भारनियमन करावं लागलं, वाढत वाढत २०,००० मेगावॉटपर्यंत. भारनियमनात ज्या वाहिन्या तोडल्या त्यांतल्या काहींवर गॅसच्या विहिरी, प्रक्रिया केंद्रं आणि गॅस पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर होते. त्यांची वीज गेली म्हणून गॅस आणखी कमी झाला, गॅस कमी म्हणून वीज आणखी कमी. राज्यातलं गॅसचं उत्पादन काही दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आलं. ४५ लाखांवर घरांची वीज गेली. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली.

आमची वाहिनी तोडू नका, आमच्यावर वीज केंद्र अवलंबून आहे, असं सांगायची सोय तिथे होती. एक अर्ज भरायचा होता. बऱ्याच गॅस कंपन्यांनी तो भरलेला नव्हता. अहवालात हे वाचलं तेव्हा मी पान मिटून ठेवलं आणि उठून बाहेर गेले.

नंतर केंद्रीय यंत्रणांच्या चौकशीत निघालं की टेक्सास आणि आसपासच्या राज्यांच्या सगळ्या पट्ट्यात मिळून १,०४५ वीज संच बंद पडले किंवा मंदावले. कारणांपैकी ४४.२ टक्के गोठण्याची, ३१.४ टक्के इंधनाची, आणि इंधनातही बहुतेक नैसर्गिक वायूची. दहा वर्षांत थंडीने ग्रिड अडचणीत आणल्याची ती चौथी वेळ होती. २०११ च्या फेब्रुवारीतही असंच झालं होतं, न्यू मेक्सिकोत हजारो घरांचा गॅस गेला होता, आणि तेव्हाच्या अहवालात काय करायचं ते सगळं लिहिलेलं होतं. नळ्यांना उबदार वेष्टण घाला, हीट ट्रेसिंगची, म्हणजे विजेवर तापणारी, तार गुंडाळा आणि तिला वीज आहे ना ते बघा, विहिरीच्या तोंडाशी वाऱ्याचा आडोसा करा, मिथेनॉलचे पंप लावा. कॅनडाच्या अल्बर्टात उणे चाळीसला विहिरी चालतात त्या याच उपायांवर. यात न कळण्यासारखं काहीच नाही. गोव्यात मे महिना लागला की घराघरात पुरुमेंत भरतं, सुकी मासळी, सोलां, मिरच्या, तांदूळ, आणि पाऊस धरल्यावर बाजारात धावत जाण्यात अर्थ नसतो हे प्रत्येक म्हातारीला ठाऊक असतं. तिथे दहा वर्षं कुणी भरलं नाही, कारण भरण्याचा खर्च एकाच्या माथी आणि न भरल्याचा त्रास दुसऱ्याच्या. २०२१ च्या उन्हाळ्यात टेक्सासने कायदा केला, आणि महत्त्वाच्या गॅस केंद्रांना थंडीची तयारी सक्तीची झाली.

ते सगळं वाचून झाल्यावर मी आमच्याकडच्या प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत सुटले. इथल्या हीटरला वीज कुठून येते? इथला दाब कंट्रोल रूमला कळवणाऱ्या यंत्राची बॅटरी किती तास टिकते? कॅस्केडवर चालणाऱ्या एका हॉटेलात उत्तर मिळालं की लॉबीचे दिवे, एसी आणि लिफ्ट जनरेटरवर आहेत, गॅसचा हीटर नाही. मे महिन्याच्या शेवटी गडगडाटासह पाऊस येतो, तारांवर फांद्या पडतात, वीज दोन-दोन तास जाते. म्हणजे जनरेटरच्या उजेडात स्वयंपाकघर चालू, शेगड्या पेटलेल्या, गॅस ओढला जातोय, आणि मागच्या अंगणात हीटर थंड.

तिथल्या इलेक्ट्रिशियनशी बसून बोलले. हीटरचा भार फार नव्हता, जनरेटरला सहज झेपणारा. मृगाच्या आधी त्याने केबल ओढून दिली. तापमानाची ट्रिप मी स्वतः तपासली, हीटर मुद्दाम बंद करून. गॅस थंड व्हायला लागला, काटा उतरत गेला, आणि ठरल्या आकड्याला व्हॉल्व्ह खट्कन बंद झाला. आचारी बाहेर येऊन विचारू लागला, गॅस का गेला म्हणून. त्याला रेग्युलेटरजवळ नेऊन दाखवलं. आता पावसाळ्याआधी ही चाचणी तिथल्या वहीत लिहिली जाते, तारीख आणि सहीनिशी, आणि पुढची दोन ठिकाणं माझ्या यादीत आहेत.